हेडखालचं पॅकिंग

एचएसआर लेआउट, बेंगळुरू
८ जून २०२५

आदरणीय येसाजीराव यांना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्या आजोबांची गाडी नक्की ओळखाल. पिस्त्याच्या रंगाची पद्मिनी, १९८४ सालची, मालक उमाकांत देवस्थळी, बसवनगुडी. मी त्यांची नात, वेदिका. गाडीच्या सर्व्हिसच्या वहीत पानोपानी तुमची सही आहे, म्हणून तुमचं गॅरेज शोधत गेले. तिथे आता बेकरी आहे. गल्ल्यावरच्या बाईंनी बिलाच्या पाठीवर तुमचा हासनचा पत्ता लिहून दिला. फोन नंबर मागितला तर म्हणाल्या, "अण्णांना फोनवर ऐकू येत नाही. पत्र लिहा, पत्राला ते उत्तर देतात." शाळेच्या पेपरातल्या पत्रलेखनानंतर मी लिहिलेलं हे पहिलंच पत्र आहे. चुकलंमाकलं तर समजून घ्या.

मी एका अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत काम करते आणि शनिवार-रविवार आजोबांकडे असते. एप्रिलमध्ये आजोबांनी गाडी भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाला गेटपाशी येऊन उभाही राहिला होता. मी त्याला परत पाठवलं आणि म्हटलं, "आजोबा, मी चालू करते ही." ते म्हणाले, "तुझ्या बापाने बंद पाडली, तू चालू कर. न्याय होईल."

ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. मे १९९६. माझा बाबा, क्षितिज, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मित्रांना घेऊन मडिकेरीला निघाला आणि घाटात इंजिन उकळून बंद पडलं. गाडी दोरीने ओढत घरी आणली. आजोबा म्हणाले, "तू निघताना पाणी बघितलं नाहीस." बाबा म्हणाला, "बघितलं होतं." त्यावर दोघांनी जे धरून ठेवलं ते अजून सोडलेलं नाही. पुढच्याच वर्षी बाबा पुण्याला गेला. आता ते दोघं फोनवर हवामान, रक्तदाब आणि क्रिकेट एवढंच बोलतात. गाडी तेव्हापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, तशीच, न उघडलेली.

प्लगच्या भोकांतून तेल सोडून आठ दिवस ठेवलं तेव्हा अडकलेले पिस्टन सुटले. आता सगळी गॅस्केट आणि ऑइल सील बदलायची आहेत. जेसी रोडवरच्या दुकानदाराने कॉर्कचा एक सेट दाखवला आणि कागदाचा एक. कुठला घेऊ? हेड कसं काढू? व्हिडिओ बघते, पण प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

आपली,
वेदिका देवस्थळी


हासन
१७ जून २०२५

वेदिका पुट्टीला येसाजी अण्णाचा आशीर्वाद.

राव वगैरे नको. अण्णा म्हण, सगळी बसवनगुडी म्हणायची. मी तुला पुट्टी म्हणतो, म्हणजे आमच्या कन्नडात लहान पोरगी. पत्र दोनदा वाचलं, मग बायकोने, आमच्या सकवारबाईने, एकदा मोठ्याने वाचून दाखवलं. तिला वाटतं मला पत्रातलंही ऐकू येत नाही.

आमच्या घराण्याची चारशे वर्षं कन्नड मुलखात गेली, माझं मराठी स्वल्प, म्हणजे जरा, तसंच आहे. लिहायला शिकलो ते बेळगावला मामाकडे, चार वर्षं. चुका काढू नकोस, मी तुझ्या काढत नाही.

आता काम. तू गॅस्केट म्हणतेस, आम्ही पॅकिंग म्हणतो. टॅपेट कव्हरला आणि खालच्या तेलाच्या चेंबरला कॉर्क घे, रात्रभर तेलात भिजव, नाहीतर आवळताना फुटतो. पाण्याच्या पंपाला कागद. जुनी सील एकही ठेवू नको. तीस वर्षांत रबराचं बिस्किट होतं. सीलला ओठासारखी कड असते, ती तेलाकडे तोंड करून बसते. लोक उलटं बसवतात आणि मग दुकानदाराला शिव्या देतात.

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं आहे, खालचा ब्लॉक बिडाचा. जुनं पॅकिंग खरवडायला स्क्रूड्रायव्हर वापरलास तर मी हासनहून येऊन तुझा कान धरीन. बांबूची चीप घे आणि रॉकेल मिळालं तर बघ. हेडचे नट इंजिन थंड असताना सोडव, कडेकडून मध्ये. बसवताना मधून कडेला, तीन फेऱ्यांत, पहिल्या फेरीत जोर नको. निधान. निधान म्हणजे हळू. आमच्या धंद्यात हा एकच मंत्र.

उमाकांत सरांची गाडी माझ्या हाताशिवाय कुणी उघडली नव्हती. सर विमानांची इंजिनं करणाऱ्या सरकारी कारखान्यात मोठे इंजिनिअर, पण मला म्हणायचे, "येसाजी, तू बंद केलेलं झाकण मी पुन्हा बघत नाही." क्षितिज चांगला मुलगा होता. पण त्या वयात कोण पाणी बघतं? मनाला लावून घेऊ नको.

हेड निघालं की कळव.

येसाजी अण्णा


बसवनगुडी
६ जुलै २०२५

प्रिय अण्णा,

तुमचं पत्र टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलं आहे. त्याच्यावर तेलाचे चार ठसे उमटलेत, पण वाचता येतं.

आधी कबुली. पुढचं ऑइल सील मी उलटं बसवलं. हो, तुम्ही लिहूनसुद्धा! ठोकून पार आत घातलं, दोन पावलं मागे होऊन कौतुकाने बघितलं, आणि मग लक्षात आलं की ओठ बाहेर तोंड करून हसतो आहे. काढताना ते फाटलं. आजोबा शेडच्या दारात वेताच्या खुर्चीवर पेपर घेऊन बसतात. मदत करत नाहीत, देखरेख करतात. पेपर खाली न घेता म्हणाले, "विमानात असं बसवलं असतंस तर?" मी म्हटलं, "विमानात मला कुणी बसवू दिलं नसतं." ते पेपराआड बराच वेळ हलत होते. आजी गेल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं.

शेजारच्या गॅरेजातल्या दोघांनी चेनपुलीने इंजिन बाहेर काढून दिलं. चेंबर उघडला, तळाशी डांबरासारखं तेल. कॉर्क भिजवला. मागचं सीलही बदललं, ते मात्र पहिल्याच फटक्यात सरळ! माझा पांढरा कुर्ता आता पांढरा नाही.

काल हेड काढलं. नट कडेकडून मध्ये, निधान. तरी ते चिकटूनच. रबरी हातोडीने चहूबाजूंनी टपल्या मारल्या तेव्हा सुटलं.

आता एक विचारायचं आहे. हेडखालच्या गॅस्केटवर एका बाजूला 'टॉप' अशी अक्षरं उठवलेली आहेत. ती बाजू खाली, ब्लॉककडे होती. त्यामुळे मागची पाण्याची दोन भोकं जवळजवळ पूर्ण झाकली गेली होती. तिथे गंजाचा डाग आहे आणि चौथ्या सिलिंडरपाशी गॅस्केट जळून काळं पडलं आहे. व्हिडिओत तर सगळे 'टॉप' वर ठेवतात. मीच काहीतरी चुकीचं समजत असेन. पद्मिनीचं वेगळं असतं का? वहीत १२ मार्च १९९६ ला 'हेड पॅकिंग बदलले' असं लिहून तुमची सही आहे, म्हणून म्हटलं तुम्हालाच विचारावं.

तुमची,
वेदिका


हासन
१२ जुलै २०२५

वेदिका,

माझ्या हातून असं होणार नाही. बेचाळीस वर्षांत किती हेड बसवली त्याची मोजदाद नाही. तू हेड उचलताना पॅकिंग सुटून उलटं झालं असेल. नवीन माणसाचं होतं.

ते पॅकिंग मला पाठव. दुसऱ्या कुणाला दाखवू नको.

येसाजी


एचएसआर लेआउट, बेंगळुरू
१८ जुलै २०२५

प्रिय अण्णा,

गॅस्केट दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून सोबत पाठवते आहे. हेड उचलल्यावर, गॅस्केटला हात लावायच्या आधी, मी फोटो काढला होता. तो छापून आत ठेवला आहे. ते उचलताना उलटं झालेलं नाही.

तुमच्यावर आळ घ्यायला मी लिहिलं नव्हतं. खरंच शंका विचारली होती. तुमचं पत्र वाचल्यावर मात्र पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की, हे असं असेल तर बाबा खरं बोलत होता. एकोणतीस वर्षं खरं बोलत होता आणि कुणी ऐकलं नाही.

आजोबांनी विचारलं, "हेडखालचं गॅस्केट कुठाय? बघू." मी म्हटलं, कचऱ्यात गेलं. आजोबांशी मी सहसा खोटं बोलत नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत काही सांगणार नाही, पण लवकर लिहा.

वेदिका


बसवनगुडी
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय अण्णा,

महिना झाला. पार्सल पोचल्याची पावती आली, तुमचं पत्र नाही. मी रागावलेली नाही. काळजी वाटते. तुम्ही बरे आहात ना? सकवारबाई आजी बऱ्या आहेत ना? दोन ओळी टाकल्यात तरी चालेल, गाडीबद्दल नसल्या तरी.

इथे खालचं सगळं झालं. इंजिन परत गाडीत बसलं. हेड मशीनवर घासून सपाट करून आणलं, आरशासारखं दिसतं. नवीन गॅस्केट पिशवीतून काढते, 'टॉप' कुठे आहे ते बघते आणि पुन्हा आत ठेवते. तीन रविवार असेच गेले. आजोबा म्हणतात, "अग, पोळी आहे का ती, करपेल म्हणून घाबरतेस?" त्यांना कारण माहीत नाही.

परवा बाबाचा फोन आला होता. "गाडीचं कुठपर्यंत?" एवढंच विचारलं आणि मी काही सांगायच्या आत म्हणाला, "जाऊ दे. आईशी बोल."

तुमची,
वेदिका


हासन
२८ ऑगस्ट २०२५

पुट्टी,

काल गणपती बसले. त्याच्यासमोर खोटं लिहवत नाही, म्हणून आज बसलो आहे.

पॅकिंग माझं आहे. पाण्याच्या भोकांभोवती मी करंगळीने शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, पातळ हात फिरवायचो. बेंगळुरूत दुसरं कुणी तसं करत नसे, मी त्यावरून टेचात बोलायचो. त्या पॅकिंगवर ते करंगळीचे गोल आहेत. उन्हात धरलं तर बोटाच्या रेषा दिसतात. आणि 'टॉप' च्या बाजूला ब्लॉकचा छाप पडला आहे. उलटं बसलं होतं. मीच बसवलं होतं. गावात गाडी चालली, कारण गावात इंजिनावर भार नाही. घाटात मागच्या सिलिंडरला पाणी पोचलं नाही आणि उकळलं.

तो दिवस मला आठवतो. सकवारबाईचं पोटाचं ऑपरेशन होतं. सरांना गाडी दुसऱ्या सकाळी हवी होती. मी दुपारी हेड बसवलं आणि डबा घेऊन हॉस्पिटलला पळालो. घाईत बोल्ट विसरला तर तो हातात उरतो, दिसतो. उलटं पॅकिंग झाकणाखाली जातं, दिसत नाही.

हे तिने वाचलं आणि म्हणाली, "माझ्या ऑपरेशनला मध्ये आणू नका. उलटं बसवलंत तर बसवलंत म्हणा." ती बरोबर आहे. वरच्या ओळी खोडत नाही, पण तू त्या धरू नको.

याहून वाईट पुढे आहे. गाडी ओढून आणली तेव्हा मी बघायला आलो होतो. म्हणालो, "सर, एकदा उघडून बघतो." सर म्हणाले, "नको. क्षितिज चूक कबूल करेल तेव्हा उघडू." मी "सरी सर", बरं सर, म्हणून घरी निघालो आणि रस्त्यात मला हलकं वाटलं. का हलकं वाटलं, ते तेव्हा मनाला विचारलं नाही. महिनाभर आता तेच विचारतो आहे. मनात कुठेतरी शंका होती, आणि ती उघडली जाणार नाही याचा आनंद झाला होता. एका पोराचं नाव गेलं आणि माझं राहिलं.

तुला ते ताठ पत्र लिहिलं त्याची माफी माग म्हणून सकवारबाई रोज सांगते. मागतो.

रविवारी १४ सप्टेंबरला सकाळच्या बसने आम्ही दोघं येतो. तोपर्यंत हेड बसवू नको. आणि सरांना तू काही सांगायचं नाही. ते माझं काम आहे.

येसाजी अण्णा


बसवनगुडी
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबा,

मी तुला पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. फोनवर सांगायला लागले की तू "जाऊ दे" म्हणून फोन आईकडे देतोस. पत्र आईकडे दिलंस तरी ती तुलाच वाचून दाखवेल.

रविवारी येसाजी अण्णा आले. तुझ्या लहानपणचे गॅरेजवाले अण्णा. ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानात यंत्र, सोबत त्यांच्या पत्नी सकवारबाई आणि काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं काहीतरी. आजोबा खुर्चीतून उठले, "येसाजी!" म्हणून दोन्ही हात पुढे केले. अण्णांनी हात दिले नाहीत. आधी ते पुडकं सोडलं.

म्हणाले, "सर, हे बघा. हे उलटं बसलं होतं. माझ्या हाताने. क्षितिजने इंजिन उकळवलं नाही, मी उकळवलं."

ते जुनं हेड गॅस्केट होतं, बाबा. मला जुलैतच सापडलं होतं. तुला सांगितलं नाही, त्याबद्दल नंतर रागाव.

आजोबांनी चष्मा बदलला. गॅस्केट घेऊन शेडमध्ये गेले, ब्लॉकवर ठेवून बघितलं, उलटं करून पुन्हा ठेवलं. एकेका भोकावर बोट ठेवत गेले. कारखान्यात ते असेच करत असतील. गॅस्केट खाली ठेवून म्हणाले, "तू उघडतो म्हणाला होतास. मीच नको म्हणालो." अण्णांना ऐकू गेलं नाही. सकवारबाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, सगळ्या गल्लीला कळलं. मग अण्णा रडायला लागले आणि आजोबांना काय करावं सुचेना, म्हणून ते म्हणाले, "कॉफी घेणार ना?" कॉफी मलाच करावी लागली.

त्यानंतर जे झालं ते तू बघायला हवं होतंस. अण्णांचा हात कापतो, म्हणून पाना माझ्या हातात. नवीन गॅस्केट ठेवताना अण्णा म्हणाले, "वाच." मी म्हटलं, "टॉप." आजोबा म्हणाले, "पुन्हा वाच." सकवारबाई चुलीवरचं बघावं तसं वाकून म्हणाल्या, "टॉपच आहे, घाला आता." मधून कडेला, तीन फेऱ्या. अण्णा नटाचा नंबर सांगायचे, आजोबा टॉर्क रेंचचा काटा वाचायचे, आणि प्रत्येक नटाला दोघांचं भांडण. आजोबांना आकडा हवा, अण्णा म्हणायचे आकडा राहू द्या, तिच्या मनगटाला विचारा.

चार वाजता स्टार्टर मारला. पहिल्यांदा नुसती कुरकुर. दुसऱ्यांदा सायलेन्सरमधून उंदराचं अख्खं घरटं बाहेर पडलं, उंदीर नशिबाने आधीच गेलेले. तिसऱ्यांदा ती खोकली, निळा धूर सोडला आणि चालू झाली! अण्णांना आवाज येत नव्हता. त्यांनी टॅपेट कव्हरवर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि "सरी" म्हणाले. वीस मिनिटं चालवली. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. तेलाचा एक थेंब खाली नाही.

ते दोघं संध्याकाळच्या बसने गेले. रात्री आजोबांनी जेवण उरकलं. मग फोन घेतला, तुझा नंबर लावला आणि रिंग व्हायच्या आत बंद केला. म्हणाले, "फोनवर काय बोलायचं?"

त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. पण आज सकाळी विचारत होते, पुण्याची गाडी इथे किती वाजता पोचते, आणि अजून उशीर होतो का.

ये ना, बाबा.

वेदू


बसवनगुडी, बेंगळुरू
५ ऑक्टोबर २०२५

येसाजी अण्णांना क्षितिजचा साष्टांग नमस्कार.

अण्णा, मी आठ वर्षांचा असताना तुम्ही मला तुमच्या गॅरेजात जॅकवर चढवलेल्या गाडीखाली झोपून इंजिन कसं दिसतं ते दाखवलं होतं. आईने माझा शर्ट बघून आपल्या दोघांनाही झापलं होतं. त्या येसाजी अण्णांना मी हे पत्र लिहितो आहे.

मी ३० तारखेला आलो. स्टेशनवर बाबा स्वतः आले होते, रिक्षाने. एकमेकांकडे बघून दोघांनीही गाडीला किती उशीर झाला तेच बोलून घेतलं. घरी आल्यावर ते मला सरळ शेडमध्ये घेऊन गेले. ते पॅकिंग भिंतीवर खिळ्याला टांगलं आहे. त्याच्यासमोर उभं राहून म्हणाले, "क्षितिज, मी तुझं ऐकायला हवं होतं." एवढंच. पण बाबांना तुम्ही ओळखता. हे वाक्य त्यांनी रिक्षात बसल्यापासून पाठ केलं असणार.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. वेदिकाने गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली, बाबांनी कोहळा फोडला. आरटीओच्या तपासणीला ते स्वतः रांगेत उभे राहिले होते, त्यामुळे कागदपत्रंही झाली. शुक्रवारी आम्ही तिघं म्हैसूर रस्त्याने रामनगरपर्यंत जाऊन आलो. बाबांनी किल्ली माझ्या हातात दिली.

आता मुख्य गोष्ट. तुमचं पत्र वेदिकाने मला वाचायला दिलं. एका पोराचं नाव गेलं आणि तुमचं राहिलं, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचल्यापासून मला झोप नव्हती. कारण अण्णा, मी त्या दिवशी पाणी बघितलं नव्हतं.

मित्र गेटपाशी गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. बाबांनी आतून विचारलं, "पाणी बघितलंस का?" मी बॉनेट न उघडताच "हो" म्हणालो. गाडी उकळली तेव्हा मला वाटलं, झालं, माझ्यामुळेच. आणि जितकं तसं वाटलं तितका मी मोठ्याने भांडलो. पुढे पुढे तर मलाच खरं वाटायला लागलं की मी बघितलं होतं.

बिडदी गेल्यावर मी हे बाबांना सांगितलं. नजर रस्त्यावर ठेवून, एका दमात. मागच्या सीटवर वेदिकाने "बाबा!" म्हणून तोंडावर हात ठेवला. माझे बाबा समोरचा रस्ता बघत राहिले. मैलभर तरी गेलो असू. मला वाटलं, संपलं, आता पुढची एकोणतीस वर्षं.

आणि मग ते म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतो!"

अण्णा, त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. परीक्षेत पहिला नंबर आलेल्या मुलासारखा. डॅशबोर्डवर थाप मारून म्हणाले, "मी म्हणत होतो! वेदिका, मी काय म्हणत होतो?" हसता हसता ठसका लागला, गाडी बाजूला घेऊन पाणी पाजावं लागलं. मग डोळे पुसत विचारलं, "अरे, मग इतकी वर्षं भांडलास कशाला?" मी म्हटलं, "तुम्ही विश्वास ठेवत नव्हता म्हणून." त्यावर पुन्हा हसले, आणि जरा वेळाने हळूच म्हणाले, "तरी ठेवायला हवा होता."

तेव्हा हिशेब असा आहे, अण्णा. पॅकिंग तुमचं, पाणी माझं, हट्ट बाबांचा. आपल्या दोघांपैकी नक्की कुणामुळे उकळली ते आता देवालाच ठाऊक. तुम्ही सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. निम्मं माझं आहे, आणि ते मी तुम्हाला देणार नाही.

सकवारबाईंना नमस्कार. त्यांनी वेदिकाला शिकवलेलं सारू, म्हणजे रसम, काल तिने केलं. आम्ही खाल्लं.

परतीची गंमत सांगून थांबतो. बाबा दुसऱ्याच्या हातात गाडी असली की डोळा मिटत नाहीत. आई म्हणायची, टॅक्सीतसुद्धा यांचा पाय ब्रेक शोधतो. शुक्रवारी केंगेरीच्या अलीकडे मी काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. बघितलं तर मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, आणि ते चक्क घोरत होते. मी वेग कमी केला. मागून बस हॉर्न देत होत्या, देऊ देत म्हटलं.

घराशी पोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. वेदिका उतरून गेट उघडून उभी राहिली. मी इंजिन बंद केलं नाही. आवाज थांबला असता तर बाबा जागे झाले असते. अर्धा तास आम्ही दोघं तसेच गाडीत बसून होतो.

तुमचा,
क्षितिज